‘स्प्रूस गूस’ स्प्रूसचं नव्हतं आणि युद्धातही उडालं नाही

अमेरिकेचं ‘स्प्रूस गूस’ हे स्प्रूस लाकडाचं अवाढव्य सागरी विमान दुसऱ्या महायुद्धात सैनिक वाहून नेत होतं, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

नाव ऐकून कुणाचाही तसा समज होईल. पण ते टोपणनाव आहे. विमानाचं खरं नाव एच-४ हर्क्युलिस. त्याची कल्पना मात्र खरोखर युद्धातलीच. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या, म्हणून माणसं आणि सामान हवेतून न्यायचं ठरलं. ॲल्युमिनियमवर युद्धकाळाचे निर्बंध होते, म्हणून लाकूड निवडलं. तेही मुख्यतः बर्चचं, म्हणजे हिमालयातल्या भूर्जवृक्षाच्या कुळातलं. पातळ थर चिकटवून घडवलेलं.

आता तारखा पाहा. महायुद्ध सप्टेंबर १९४५ मध्ये संपलं. हे विमान पाण्यावरून उठलं २ नोव्हेंबर १९४७ रोजी, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचजवळ. आठ इंजिनं, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ९८ मीटर, आणि उड्डाण जेमतेम दीड किलोमीटरचं. त्यानंतर ते कधीच उडालं नाही. त्या दिवसाचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं, आणि विमान ओरेगॉनमधल्या मॅकमिनव्हिलच्या संग्रहालयात उभं आहे.