घराजवळचे पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण (खानदेश)

आपल्या गावाच्या, शेताच्या किंवा वस्तीच्या आसपास दिसणारे पक्षी व वन्यजीव नियमितपणे पाहणे, त्यांची नोंद ठेवणे आणि छायाचित्रे घेणे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत या छंदासाठी लांब जावे लागत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशी या प्रदेशाची रचना आहे. केळीचा मळा, दादरचे (रब्बी ज्वारीचे) शेत, विहिरीवरची बाभूळ, गावतळे आणि पायथ्याचे सागाचे रान अनेक गावांना सकाळच्या फेरीत सापडते.

खानदेशातील पक्षीनोंदींची परंपरा जुनी आहे. जेम्स डेव्हिडसन हा ब्रिटिश सनदी अधिकारी येथे नोकरीला असताना पक्ष्यांच्या नोंदी ठेवत असे. त्याने केलेली पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. शहादा-तळोदा भागातून त्याने रानपिंगळा या रानातल्या लहान घुबडाचे भुसा भरलेले नमुनेही जमवले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची विश्वासार्ह नोंद झाली नाही. १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा रिचर्ड माइनर्टझहागन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहकाने केला आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्या भरवशावर तिकडे शोध घेतला. पुढे पॅमेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञांनी नमुने तपासले, तेव्हा मांडवीचा म्हणून दाखवलेला नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध सुरू झाला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एका खोट्या चिठ्ठीने शोध भलतीकडे नेला, तो डेव्हिडसनच्या प्रामाणिक नोंदींनी वाटेवर आणला. म्हणून घराजवळच्या निरीक्षणातही फोटो कितीही देखणा असो, त्यासोबतची तारीख आणि ठिकाण हाच त्याचा जीव आहे.

गावातला नेहमीचा पिंगळा आणि रानपिंगळा यांत गल्लत होते. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ साधे दिसते, चोच व पाय दणकट असतात, शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि पोटाचा खालचा भाग पांढरा स्वच्छ असतो. तो दिवसाही शिकार करतो आणि फांदीवर बसल्या बसल्या शेपटी झटकतो. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने ही लक्षणे पाठच करावीत.

सुगरण पक्ष्यासाठी तर विहिरीच्या काठावर थांबले तरी पुरते. पावसाळ्याच्या तोंडाशी नराचे डोके व छाती पिवळी होते आणि पाण्यावर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला खोपे लटकू लागतात. गवताच्या, उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडून नर तिथून लांब दोरा सोलून काढतो. खोपा अर्धा, म्हणजे खालून उघडा असताना मादी येऊन तो तपासते. तिला पसंत पडला तरच नर खालची नळी विणून पुरा करतो, नाहीतर तो खोपा तसाच राहतो. आतून ओल्या मातीचे गोळे थापलेले असतात. अर्धे सोडलेले खोपे पुष्कळांनी पाहिलेले असतात, त्यांचे कारण मात्र तास-दोन तास बसल्यावरच कळते.

हिवाळ्यात दादर दाण्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे हे पाहुणे मध्य आशियाच्या बाजूने येतात. शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर बसतो ते त्यांच्यासाठीच, पण हेच पक्षी टोळ-नाकतोडेही फस्त करतात. नांगरामागे गायबगळे, तारेवर नीळकंठ, केळफुलावर शिंजीर ही रोजची मंडळी. बांधावर मुंगूस व घोरपड दिसते, पहाटे रोही (नीलगाय) आणि रानडुकरे.

पाणपक्ष्यांसाठी भुसावळजवळचे हतनूर धरण महत्त्वाचे आहे. तापी-पूर्णेचा चांगदेव येथील संगम त्याच्याच फुगवट्यात येतो. थंडीत तेथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांसारखी स्थलांतरित बदके उतरतात. जळगावकरांना मेहरूण तलाव व लांडोरखोरी हाताशी आहेत, चाळीसगावकरांना पाटणादेवी, शिरपूरकरांना अनेर धरण.

छायाचित्रणात येथील अडचण उन्हाची आहे. काळी जमीन तापली की हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याचा फोटो महागड्या लेन्सनेही भुरकट येतो. म्हणून उन्हाळ्यात सूर्योदयापासून पहिले दोनेक तासच कामाचे. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका तरी ठेवावा, आणि बसलेला पक्षी त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून टिपावा. ओळख पटवण्यासाठी दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून घेतलेला फोटोही चालतो. वैशाखात पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा अंगणात सावलीला ठेवलेल्या पाण्याच्या परळावर बुलबुल, साळुंक्या, होले, सातभाई आपणहून येतात. ते पाणी रोज बदलावे.

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की अंडी किंवा पिल्ले जवळ आहेत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. उघड्या जमिनीवरची ती अंडी ढेकळांत दिसतही नाहीत. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे, फोटोसाठी घरट्यापुढची फांदी छाटणे, घुबडावर फ्लॅश मारणे हे प्रकार सर्रास चालतात आणि ते थांबलेच पाहिजेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी काढणे, घरटी मोडणे हा गुन्हा आहे. यावल किंवा अनेर अभयारण्यात जाण्यासाठी वनविभागाची परवानगी काढावी.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख मारुती चितमपल्ली यांच्या आणि बारा तारीख सालिम अली यांच्या जन्माची. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षीगणनेत निदान पंधरा मिनिटे एका जागी मोजणी करून यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरता येते. आपल्या वहीत ठिकाण शिवारासह पूर्ण लिहावे. समाजमाध्यमावर मात्र रानपिंगळ्याच्या किंवा कोणत्याही घरट्याच्या फोटोखाली तालुक्यापलीकडे काही सांगू नये.