वांशिक पालकभाव

वांशिक पालकभाव : एखादा वंशसमूह अजाण आहे आणि त्याचे हित त्याच्यापेक्षा इतरांना अधिक कळते, असे धरून त्याच्याविषयी बाळगलेली संरक्षकवृत्ती. हिच्यात उघड द्वेष नसतो, पुष्कळदा मायाच असते. त्यामुळे ती ओळखणे अवघड जाते. ही वृत्ती असलेले लोक त्या समूहाला अन्न, औषधे, वसतिगृहे द्यायला राजी असतात, पण जमीन, रोख पैसा किंवा निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती सोपवायची वेळ आली की मागे सरतात. इंग्रजी ‘पॅटर्नलिझम’ला ‘पितृसत्तावाद’ हा पर्याय स्त्री-पुरुष संबंधांतील पितृसत्तेशी गल्लत करतो, म्हणून येथे टाळला आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. एक पक्ष अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांकडे पाहतो. गुलामगिरीचे समर्थन करताना जॉर्ज फिट्झह्यू याने 1854 मध्ये कृष्णवर्णीयांना वयाने वाढलेल्या मुलांच्या पंक्तीला बसवले होते. इतिहासकार यूजीन जेनोव्हीझ यांनी 1974 मध्ये मालक-गुलाम संबंधांचे विवेचनच पालकभावाभोवती उभे केले. मालकाने मानलेल्या कर्तव्याला गुलामांनी आपला हक्क मानले, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. जेम्स ओक्स यांनी 1982 मध्ये त्यास हरकत घेतली. त्यांच्या मते मालकवर्ग मुख्यतः नफ्यामागे आणि जमिनीमागे धावणारा होता.

दुसरा पक्ष हे मूळ पालकत्वाच्या कायदेशीर कल्पनेत शोधतो. स्पेनमधील सालामांका येथे सुमारे 1539 मध्ये धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने अमेरिकेतील मूलनिवासींवर त्यांच्याच भल्यासाठी राज्य करावे, हा युक्तिवाद तपासला. तो ठामपणे स्वीकारला मात्र नाही. 1831 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात चेरोकी या मूलनिवासी जमातीच्या खटल्याचा निकाल देताना सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी मूलनिवासी जमाती आणि संघराज्य यांचे नाते पाल्य-पालकासारखे असल्याचे म्हटले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या जॉन स्टुअर्ट मिल यानेही 1859 मध्ये स्वातंत्र्याचे तत्त्व मांडताना ‘मागास’ समाजांना अल्पवयीनांप्रमाणे त्यातून वगळले. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. मळ्यांतील गुलामगिरी 1865 मध्ये संपली; पाल्य-पालकाची भाषा मात्र 1919 च्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) करारातील, पराभूत देशांच्या वसाहतींविषयीच्या 22 व्या कलमात पुन्हा आढळते.

धोरणविषयक पसंती : वर्चस्व टिकवायला वैरभावाची गरज नसते, आपुलकीनेही ते टिकते, असे समाजशास्त्रज्ञ मेरी जॅकमन यांनी 1994 मध्ये प्रतिपादिले. राज्यशास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांच्या 1999 च्या विवेचनानुसार अमेरिकेत कल्याणकारी मदतीला होणाऱ्या गोऱ्यांच्या विरोधामागे कृष्णवर्णीय आळशी असतात हा समज आहे. याउलट, परदेशांना द्यायच्या मदतीबाबत राज्यशास्त्रज्ञ अँडी बेकर यांना 2015 मध्ये असे आढळले, की मदत घेणारे पूर्व युरोपीय नसून आफ्रिकी वंशाचे आहेत असे सूचित केल्यास गोरे नागरिक मदतीला अधिक अनुकूल होतात. त्यांची गरज मोठी वाटते म्हणून नव्हे, तर त्यांना स्वतःहून काही जमणार नाही असे वाटते म्हणून. दोन्ही निष्कर्षांत वरवर विसंगती आहे. कर्तृत्वाविषयीचा अविश्वास मात्र दोन्हीकडे आहे.

ऑस्ट्रेलिया : व्हिक्टोरिया वसाहतीच्या 1869 च्या संरक्षण कायद्याने आदिवासींनी कोठे राहावे, कोणते काम करावे, मजुरी कोणाच्या हाती पडावी आणि मुले कोणी सांभाळावीत, हे ठरवण्याची वाट सरकारला मोकळी झाली. पुढे मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत ठेवण्याचे धोरण विसाव्या शतकात दीर्घकाळ चालले. 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली. त्याच दिवशी नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडील प्रदेशात आदिवासी वस्त्यांच्या कारभारात केंद्र सरकारने जून 2007 मध्ये जाहीर केलेला हस्तक्षेप चालूच होता, हे विसरता येत नाही. तेथे 73 वस्त्यांतील लोकांच्या सरकारी भत्त्याचा निम्मा भाग राखून ठेवला जाई. पुढे त्यासाठी एक कार्ड आले. ते मान्यताप्राप्त दुकानांतच चाले आणि त्यावर दारू वा तंबाखू मिळत नसे. वस्तीच्या तोंडाशी मद्य व अश्लील साहित्याच्या बंदीचा मोठा निळा फलक असे. तेथे राहणाऱ्या प्रत्येक निरपराध माणसाला तो रोज वाचावा लागे. यासाठी 1975 चा वांशिक भेदभावविरोधी कायदा बाजूला ठेवावा लागला. विशेष म्हणजे, मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयीच्या ज्या अहवालाच्या आधारे हे सारे झाले त्यात वस्त्यांशी खरीखुरी सल्लामसलत करण्यावर भर होता.

भारत : जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनीच साधार दाखवले. त्यामुळे येथील उदाहरण केवळ साधर्म्यापुरते घ्यावे. 14 नोव्हेंबर 1932 रोजी व्हिक्टोरिया बोटीवरून त्यांनी अस्पृश्यतानिवारक संघाचे (पुढे हरिजन सेवक संघ) चिटणीस अ. वि. ठक्कर यांना पत्र लिहिले. दारूबंदी, वाचनालये, शाळा अशा मार्गांनी अस्पृश्यांना वैयक्तिकरीत्या सुधारण्यावर शक्ती खर्च करू नये. गावची विहीर, शाळा, चावडी येथील नागरी हक्कांसाठी मोहीम काढावी, असा त्यांचा आग्रह होता. संघाने पहिलाच मार्ग प्रामुख्याने धरला आणि आंबेडकर संघातून बाहेर पडले.