'लोल'मध्ये सैतान नाही

चॅटमध्ये लिहितात ते 'लोल' (LOL) म्हणजे 'ल्युसिफर अवर लॉर्ड' (सैतान आमचा प्रभू), लिहिलंत की सैतानाचा जयजयकार, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शुद्ध थाप! ही 'लाफिंग आउट लाउड'ची, म्हणजे मोठ्याने हसण्याची आद्याक्षरं. मे १९८९ मध्ये 'फिडोन्यूज' या संगणकावरच्या वार्तापत्रात संक्षेपांची यादी आली, तीत हाच अर्थ दिलाय. टाइप करून गप्पा मारणाऱ्यांना हसू दाखवायला तेव्हा इमोजी कुठे होत्या? २०११ मध्ये ऑक्सफर्ड कोशानेही 'लोल' घेतला.

'लॉट्स ऑफ लव्ह' हा अर्थ मात्र काही लोक खरोखर घेत. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून त्याच समजुतीने मेसेजखाली 'लोल' लिहीत, हे २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाबद्दलच्या लेव्हसन चौकशीतल्या साक्षीत बाहेर आलं. सैतान तिथेही नव्हता.