रॉस म्हणजे नेमका कुठला रॉस? एक स्कॉटिश आडनाव, डास आणि दक्षिण ध्रुव

अंदमानला जाऊन आलेल्यांना रॉस आयलंड माहीत असतंच. पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) समोरचं छोटंसं बेट, पडक्या इंग्रजी इमारती आणि त्यांना विळखा घालून बसलेली झाडांची मुळं. २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालंय, पण बोलताना लोक अजून रॉसच म्हणतात. मलेरियावाल्या रोनाल्ड रॉसचं हे बेट असणार असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि अंटार्क्टिकात पण एक रॉस आयलंड आहे, रॉस समुद्र आहे, आकाशात रॉस १२८ नावाचा तारा आहे, ऑस्ट्रेलियात रॉस रिव्हर नावाचा विषाणू आहे, म्हटल्यावर हा एकच माणूस सगळीकडे फिरून आला की काय असं वाटायला लागतं. तसं नाहीये. हे सगळे वेगवेगळे रॉस आहेत, आणि मला यातला प्रत्येक जण इतका भारी वाटतो की एकाचं श्रेय दुसऱ्याला गेलं की जीव हळहळतो, म्हणून हा लेख.

आधी आडनावाचं बघू. स्कॉटलंडच्या उत्तरेला रॉस नावाचा प्रदेश आहे, त्यातलं टेन हे जुनं गाव. तेराव्या शतकात तिथला फर्कर नावाचा सरदार राजाच्या बाजूने लढला आणि अर्ल ऑफ रॉस झाला, पुढे त्याच्या वंशातल्या लोकांनी रॉस हे आडनाव लावलं. पण फक्त वंशातल्यांनी नाही. स्कॉटलंडमध्ये सरदाराच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आसऱ्याला आलेले लोकही बऱ्याचदा त्याचंच आडनाव लावायचे. त्यामुळे आपल्याकडे सगळे जाधव जसे एकमेकांचे भाऊबंद नसतात तसंच रॉस लोकांचं आहे.

हे आता डीएनएवरूनही तपासता येतं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं आणि ब्रिटनमध्ये आडनावही त्याच वाटेने जातं, मग एका आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र सारखं निघायला हवं ना? इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधली ४० आडनावं घेऊन १,६७८ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. दुर्मिळ आडनावांत बरेच जण खरोखर एका मूळपुरुषापाशी जाऊन पोचतात असं दिसलं, पण स्मिथसारख्या प्रचंड पसरलेल्या आडनावात तसं काही सापडत नाही, कारण ते नाव अनेक ठिकाणी अनेक घराण्यांनी वेगवेगळं घेतलेलं असतं. थोडक्यात काय, आडनाव हा नात्याचा पुरावा नाही, फार तर धागा आहे.

आता माणसांकडे येतो. सगळ्यात रोमांचक गोष्ट जॉन रॉस आणि त्याचा पुतण्या जेम्स क्लार्क रॉस यांची. जॉनचा जन्म १७७७ चा, नैर्ऋत्य स्कॉटलंडमधला. १८१८ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडून आशियात जायचा समुद्रमार्ग शोधायला तो निघाला, आणि लँकेस्टर साउंड नावाच्या सामुद्रधुनीत थोडं आत गेल्यावर त्याला समोर डोंगरांची अख्खी रांग आडवी दिसली. त्याने त्या डोंगरांना नाव दिलं, नकाशात काढले आणि जहाज परत वळवलं. पुढच्याच वर्षी त्याच मोहिमेतला दुसरा कप्तान पॅरी तिथे गेला आणि त्या डोंगरांच्या जागेतून जहाज घेऊन सरळ पुढे निघून गेला! तिथे डोंगर नव्हतेच, ते मृगजळ होतं. बर्फाळ समुद्राला लागून असलेली हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसला की प्रकाशाचे किरण खाली वाकतात, आणि लांबचा बर्फ किंवा क्षितिज वर उचलल्यासारखं, भिंतीसारखं उभं दिसतं. वाळवंटातलं मृगजळ खाली पाणी दाखवतं, हे त्याच्या उलट. बिचाऱ्या जॉनची त्यावरून आयुष्यभर नाचक्की झाली, पण डोळ्यांना जे दिसलं ते त्याने काढलं होतं, त्याला खोटारडा म्हणणं मला पटत नाही.

मग १८२९ मध्ये तो खाजगी पैशावर परत निघाला, एका जिन दारूच्या कारखानदाराने पैसे दिले, बरोबर पुतण्या जेम्स. जहाजाचं नाव व्हिक्टरी. ते बर्फात असं अडकलं की शेवटी सोडूनच द्यावं लागलं, आणि या लोकांना चार हिवाळे उत्तरेच्या बर्फातच काढावे लागले. तिथल्या इन्युइट लोकांशी यांची दोस्ती झाली, त्यांच्याकडून ताजे मासे आणि मांस मिळत गेलं, त्यामुळे स्कर्व्हीने, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, जहाजच्या जहाज संपायचं टळलं. तुलुआहिउ नावाच्या एका इन्युइट माणसाला एक पाय नव्हता, तर जहाजावरच्या सुताराने त्याला लाकडी पाय करून दिला आणि त्यावर जहाजाचं नाव कोरलं. बर्फात अडकलेल्या, स्वतः कधी सुटू हे माहीत नसलेल्या माणसांनी वेळ काढून हे काम केलं ही गोष्ट मला फार आवडते.

याच मुक्कामात १ जून १८३१ ला जेम्सने उत्तर चुंबकीय ध्रुव गाठला. कसं कळलं? होकायंत्राची सुई आडवी फिरते, पण डिप सर्कल नावाच्या यंत्रात सुई उभ्या पातळीत फिरते. विषुववृत्ताजवळ ती साधारण आडवी राहते आणि जसजसं चुंबकीय ध्रुवाकडे जाल तसतशी खाली झुकत जाते, बरोबर ध्रुवावर ती थेट जमिनीत रुतल्यासारखी उभी म्हणजे ९० अंशात. जेम्सच्या सुईने ८९ अंश ५९ मिनिटं दाखवली. नजरेला तिथे काहीच नव्हतं, सपाट उजाड किनारा. आज तुम्ही त्या जागी गेलात तर सुई तशी उभी राहणार नाही, कारण ध्रुव तिथून दोन हजार किलोमीटरहून लांब सैबेरियाच्या दिशेने सरकलाय. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यात वितळलेलं लोखंड सारखं वाहतंय, त्यातून चुंबकत्व तयार होतं आणि तो प्रवाह बदलला की ध्रुवही सरकतो.

उत्तरेचा सापडला म्हणून मग जेम्स दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या मागे लागला, १८३९ ला एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं घेऊन निघाला. जानेवारी १८४१ मध्ये बर्फाचा पट्टा फोडून तो ज्या मोकळ्या समुद्रात शिरला तो आजचा रॉस समुद्र. समोर काय दिसलं तर बर्फाच्या राज्यात धूर आणि ज्वाळा ओकणारा ज्वालामुखी, त्याला जहाजाचंच नाव दिलं, माउंट एरेबस, तो आजही जागा आहे. आणि त्याच्या बाजूने समुद्रातून सरळ वर उठलेली बर्फाची भिंत, शेकडो किलोमीटर लांब, जहाज आत न्यायला जागाच नाही. ही रॉस हिमपट्ट्याची कड. हा हिमपट्टा तरंगणारा आहे, क्षेत्रफळ साधारण ४ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे दीड महाराष्ट्र पाण्यावर तरंगतोय समजा. तो आधीच तरंगतोय म्हणून वितळला तरी समुद्राची पातळी त्याने थेट फारशी वाढणार नाही, पण जमिनीवरून समुद्राकडे सरकणाऱ्या हिमनद्यांना तो अडवून धरतो, आणि ही अडसर गेली तर मागचा जमिनीवरचा बर्फ वेगाने समुद्रात येईल, खरी भीती ती आहे. जेम्सला हवा होता तो ध्रुव मात्र आत जमिनीवर होता, जहाजाने जाणं शक्यच नव्हतं, तिथे माणसं पोचली १९०९ मध्ये. २०१७ पासून रॉस समुद्राचा सुमारे साडेपंधरा लाख चौरस किलोमीटर भाग संरक्षित आहे. रॉस सील हा तिकडचा प्राणी आणि रॉस गल हा उत्तरेकडचा गुलाबी झाक असलेला पक्षी, दोघांची नावंही याच जेम्सवरून.

अंदमानचा रॉस वेगळा. तो डॅनियल रॉस, सागरी सर्वेक्षक, स्कॉटिश व्यापाऱ्याचा जमैकात जन्मलेला मुलगा. चीनच्या समुद्राचे आणि आपल्या बाजूच्या किनाऱ्यांचे भरवशाचे नकाशे करण्यात त्याचं आयुष्य गेलं. पुढे तो मुंबईत होता, बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्षही होता, म्हणजे मुंबईकरांनी तरी त्याला ओळखायला हवं. मलेरियाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

ताऱ्यांचा रॉस म्हणजे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रँक एल्मोर रॉस. बार्नार्ड नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने पूर्वी काढलेल्या आकाशाच्या फोटोप्लेट होत्या, रॉसने आकाशाचे तेच भाग परत टिपले आणि जुनी-नवी प्लेट आलटून पालटून बघत कुठला ठिपका हलला ते शोधत बसला. जो हलला तो बहुधा जवळचा तारा. रॉस १२८ असाच, फक्त ११ प्रकाशवर्षांवर, २०१७ मध्ये त्याच्याभोवती पृथ्वीपेक्षा थोडा जड ग्रह सापडला.

आणि आता रोनाल्ड रॉस. जन्म १८५७, अल्मोड्याचा, बाप लष्करात अधिकारी, घराणं मुळचं स्कॉटिश. त्याला मलेरियाच्या नादाला लावलं ते पॅट्रिक मॅन्सन या दुसऱ्या स्कॉटिश डॉक्टरने, १८९४ मध्ये लंडनला रक्तातले परजीवी दाखवून. डासातून मलेरिया पसरत असेल हा अंदाज मॅन्सनचा, सिद्ध करायची झटापट रॉसची. सिकंदराबादला तो डास फाडून फाडून बघत होता, हजार पेशी तपासायच्या आणि काही मिळायचं नाही, कारण बरेच दिवस तो चुकीच्या जातीचे डास बघत होता. तिथली ऑगस्टमधली उकाड्याची दुपार डोळ्यासमोर आणा, पंखा ओढायला लावता येत नाही कारण वाऱ्याने डास उडून जातील, कपाळाचा घाम गळून गळून मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजलेले, भिंगाला तडा गेलेला. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण मच्छरदाणीत झोपून मुद्दाम डास चावून घेत होता, एका डासामागे एक आणा. पंखांवर ठिपके असलेले वेगळ्या जातीचे डास त्याला चावले, आणि २० ऑगस्ट १८९७ ला त्यातल्या एकाच्या पोटाच्या भिंतीत रॉसला गोल पेशी दिसल्या, आत काळे कण. ते कण मलेरियाच्या परजीवीचेच, रक्तात बघून बघून त्याला पाठ झालेले. दुसऱ्या दिवशी दुसरा डास फाडला, पेशी अजून मोठ्या झालेल्या, म्हणजे परजीवी डासात वाढतोय! हा डास म्हणजे ॲनोफिलिस. जगभर २० ऑगस्टला डास दिन पाळतात तो यामुळे.

लगेच त्याची बदली झाली, काम तुटलं. १८९८ मध्ये कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियावर त्याने पुढचा टप्पा दाखवला, परजीवी डासाच्या लाळग्रंथीत येतात आणि चावताना आत शिरतात. माणसाच्या मलेरियाचं पूर्ण चक्र त्याच वर्षी इटलीतल्या ग्रासी वगैरे मंडळींनी दाखवलं, दोघांचं भांडण बरंच गाजलं. १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं. ग्रासीवर अन्याय झाला असं माझं मत आहे, आणि रॉसचं नाव घेताना हुसेन खानचं नाव घेतलंच पाहिजे असंही, अंगात ताप असताना तो माणूस जाळीत पडून होता.

पण रॉसचं मला सगळ्यात आवडणारं काम नोबेलनंतरचं आहे, ते म्हणजे गणित. लोक म्हणायचे डास काय संपणारेत का, मग डास मारून उपयोग काय. रॉसने समीकरणं मांडून दाखवलं की सगळे डास संपवायची गरजच नाही, माणसांच्या तुलनेत डासांची संख्या एका ठराविक मर्यादेखाली नेली तर मलेरिया आपोआप विझतो. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी हे गणित वाढवलं, आज त्याला रॉस-मॅकडोनाल्ड मॉडेल म्हणतात.

त्यातली गंमत बघा. मलेरिया पसरवायला एका मादीने दोनदा चावावं लागतं, एकदा परजीवी घ्यायला आणि एकदा द्यायला, म्हणून चावण्याचं प्रमाण निम्मं केलं तर प्रसार निम्मा नाही, पाव होतो. आणि या दोन चाव्यांमध्ये परजीवी डासात तयार व्हायला साधारण दहा दिवस तरी जातात, तेवढे दिवस डास जगला पाहिजे. समजा रोज जगून राहायची शक्यता ९० टक्के आहे, तर दहा दिवस टिकणारे डास १०० तले ३५. औषध मारलेल्या जाळ्या लावून ती शक्यता ८० टक्क्यांवर आणली तर उरतात फक्त ११. म्हणजे रोजच्या मरणात थोडासा फरक केला की म्हातारे डास, जे खरे धोक्याचे, ते एकदम कमी होतात. मुंबईत ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांत अंडी घालतो, पालिकेची माणसं टाकीचं झाकण घट्ट आहे का बघायला येतात तेव्हा ती याच गणिताची पहिली बाजू राबवत असतात, माणसामागे डास कमी करायची. त्यांना टाळू नका, वर जाऊ द्या.

राहिला रॉस रिव्हर विषाणू. डासातून पसरतो म्हणून रोनाल्डचं नाव असेल असं वाटतं, पण नाही. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल शहराजवळ रॉस नावाची नदी आहे, तिचं नाव तिथल्याच एका वेगळ्या रॉसवरून पडलेलं, आणि १९५९ मध्ये त्या नदीजवळ पकडलेल्या डासांत हा विषाणू सापडला. हा आपल्या चिकुनगुनियाचा जवळचा नातेवाईक, तसाच ताप, तसेच महिनोन्‌महिने दुखणारे सांधे. कांगारू आणि वॉलबी यांच्यात तो टिकून राहतो आणि डासांमार्फत माणसात येतो. १९७९ मध्ये तो फिजीला पोचला आणि तिथून पॅसिफिकमधल्या इतर बेटांवर मोठी साथ पसरली. नदीचा, विषाणूचा आणि रोनाल्डचा एकमेकांशी संबंध नाही, फक्त अशा साथीचा अंदाज बांधायला आज जी मॉडेलं वापरतात त्यांच्या मुळाशी रोनाल्डची समीकरणं आहेत.