बोटाखाली उजळणारी फिल्म: ‘प्रकाश देणाऱ्या सेन्सर’ची पार्श्वभूमी

बोट टेकलं की त्याचा ठसा उजेडात दाखवणाऱ्या फिल्मची गोष्ट जुनी आहे. तांबं मिसळलेली झिंक सल्फाइडची पूड एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) विद्युतक्षेत्रात उजळते, हे १९३६ मध्ये पॅरिसला दिसलं. पुढे त्यातून रात्रीचे मंद दिवे आले, १९६०च्या दशकात मोटारींचे डॅशबोर्ड आणि अपोलो यानाच्या संगणकावरचे आकडे आले, १९९०च्या दशकात मनगटी घड्याळाच्या उजळणाऱ्या तबकड्या आल्या. घडण सगळ्यांची साधारण सारखीच: पारदर्शक इलेक्ट्रोड (वीज पोचवणारा थर), त्यावर फॉस्फर म्हणजे ती उजळणारी पूड, त्यावर बेरियम टायटनेटचा निरोधक थर आणि शेवटी मागचा इलेक्ट्रोड. थोडक्यात, उजळणारा कपॅसिटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमध्ये विजेचा भार साठवणारा घटक.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस बोटांच्या ठशांवर काम करणाऱ्यांनी यातला मागचा इलेक्ट्रोड काढूनच टाकला. त्याची जागा बोटाने घेतली. फिल्मच्या कडेला धातूची पट्टी ठेवली की त्वचेतून सर्किट पुरं होतं, आणि जिथे बोटाचा उंचवटा टेकतो तेवढीच रेघ उजळते. खालून कॅमेरा किंवा फोटोडायोडची (उजेडाचं विजेत रूपांतर करणाऱ्या घटकांची) जाळी ती टिपते.

दोन उंचवट्यांमधली खाच का उजळत नाही, हे हिशेब मांडला की कळतं. फॉस्फर आणि निरोधक थर मिळून ५० मायक्रॉन जाड आणि त्यांचा परावैद्युतांक (विद्युतभार साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचा आकडा) २० धरू. खाचेत त्यांच्यावर ५० मायक्रॉन हवा असते आणि हवेचा परावैद्युतांक १. एकापाठोपाठ जोडलेल्या या दोन कपॅसिटरांवर १०० व्होल्ट विभागले जातात तेव्हा सुमारे ९५ व्होल्ट हवाच खाते, फिल्मच्या वाट्याला जेमतेम ५ येतात. फॉस्फरचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ रेषेत घटत नाही, कोसळतो; त्यामुळे खाच काळीच राहते. बोटातून जाणाऱ्या प्रवाहाचीही भीती नाही. कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, १ चौरस सेंमीला अर्धा नॅनोफॅरड धरली तर १०० व्होल्ट आणि ४०० हर्ट्झला प्रवाह सुमारे ०.१३ मिलिअँपिअर भरतो. मात्र निरोधक थरात सुईएवढं छिद्र पडलं की तिथे प्रवाह एकवटतो आणि काळा डाग जळून उठतो.

आता नावाचा गुंता. ‘प्रकाश देणारा सेन्सर’ या शब्दांखाली तीन वेगळी उपकरणं एकत्र कोंबली जातात. पहिलं म्हणजे एलईडी. २००३ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत तिला क्षणभर उलटं व्होल्टेज देऊन सोडतात आणि तिच्यात साठलेला विद्युतभार उतरायला किती वेळ लागतो ते मोजतात. उजेड जास्त तर वेळ कमी. इथे उपकरण खरोखर प्रकाश *ओळखतं*, तेही साधारण स्वतःच्या रंगाचा किंवा त्याहून आखूड तरंगलांबीचा. दुसरं म्हणजे २०१६ ची ताणता येणारी उजळती त्वचा: हायड्रोजेलचे (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचे) इलेक्ट्रोड आणि मध्ये सिलिकॉन रबरात झिंक सल्फाइड. ती ताण ओळखते आणि तो कपॅसिटन्सच्या बदलातून कळतो. उजेडाशी त्या मोजणीचा संबंध नाही. ठशाची फिल्म तिसरी. ती उजेड ओळखत नाही आणि आकडाही देत नाही. ती स्पर्शाचं चित्र उजेडात उतरवते, वाचणारा दुसराच असतो. म्हणून हिला सेन्सर म्हणू नये असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही: उंचवटा आणि खाच यांतला फरक फिल्ममध्येच ठरतो, कॅमेरा फक्त ठरलेलं टिपतो. पण एलईडीच्या पद्धतीची सर्किटं या फिल्मला जोडायला जाणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. फॉस्फरच्या थरात फोटोडायोडसारखा दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा जोड नसतो, उलटं व्होल्टेज देऊन तिथे मोजण्यासारखं काही मिळत नाही.

या फिल्मची बरोबरी प्रिझमच्या यंत्रांशी व्हायची; त्यांत काचेच्या प्रिझमवर टेकलेल्या बोटाचं चित्र कॅमेरा टिपतो. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले, त्या काळात ठसे घ्यायला बहुतेक प्रिझमच वापरात होते. प्रिझमवर ऊन पडलं की चित्र फिकं होतं आणि आधीच्या माणसाच्या बोटाचं तेल राहिलं की त्याचाही ठसा उमटतो. फिल्मवर तेल राहिलं तरी ते सर्किटमध्ये नसतं, म्हणून उजळत नाही. वरचा थर अपारदर्शक ठेवला तर ऊनही कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. शेतात राबलेल्या, झिजलेल्या बोटांचा प्रश्न मात्र इथेही सुटत नाही. उंचवटाच उरला नसेल तर उजळणार काय? घामेजलेल्या बोटाचं उलट होतं: खाचा पाण्याने भरतात, पाणी वीज वाहून नेतं आणि सगळं बोट एकसंध उजळतं. कोरड्या कापडाने बोट टिपून पुन्हा टेकवायचं, हाच उपाय.

‘फक्त जिवंत बोटच चालतं’ हा दावा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो. कोरड्या सिलिकॉनचं नकली बोट उजळत नाही, हे खरं. ओलसर जिलेटिन मात्र वीज वाहू देतं, तेव्हा नकली बोट ओळखायची वेगळी तपासणी लागतेच.

फॉस्फर मंद होत जातो, पण इथे तो स्पर्शापुरताच पेटतो. २,००० तासांचं आयुष्य धरलं तरी सेकंदाचा एक असे ७२ लाख स्पर्श होतात. त्याच्या आधी वरचं संरक्षक आवरण ओरखडतं, ओरखड्यातून दमट हवा आत शिरते आणि झिंक सल्फाइड काळवंडू लागतं. फिल्म बदलावी लागते ती बहुधा यामुळे.