व्होल्ट जुळले, हर्ट्झचं काय?

दिवाळीला माझा आतेभाऊ शिकागोहून इंदूरला आला, तो बॅगेत त्याच्या शाळेच्या दिवसांतला कॉमोडोर ६४ घेऊन. हा संगणक १९८२ साली आला. मेमरी ६४ किलोबाइट, आणि की-बोर्डाच्या पोटातच सगळा कारभार. रामबागेतल्या घरी मी आधीच महाराणी रोडवरून २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला होता. "दादा, व्होल्टेज जुळलं, आता कसली काळजी?" म्हणत त्याने बटण दाबलं. टीव्हीवर निळा पडदा उमटला. पण अर्ध्या तासात संगणकाच्या पॉवर सप्लायचा काळा ठोकळा हात ठेववेना इतका तापला आणि घूंऽऽ करू लागला. जन्म वायरी जोडण्यात गेलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं.

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे विजेच्या सेकंदाला किती उलटसुलट फेऱ्या होतात ते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झला हातही लावत नाही. फोनच्या चार्जरला त्याचं काही वाटत नाही, कारण तो आधी विजेला एकदिश करतो आणि मग सेकंदाला हजारो वेळा तोडून वापरतो. या ठोकळ्यात मात्र जुन्या पद्धतीचा, लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि ते लोखंड भरतं.

भरतं म्हणजे काय? इंदूरकरांना नर्मदेच्या पाण्यावरून लगेच कळेल. नळ एक दिवसाआड, ठरावीक वेळ. हौद त्या वेळेच्या हिशोबाने बांधलेला. विजेच्या अर्ध्या फेरीत लोखंडात चुंबकत्व भरतं, उरलेल्या अर्ध्या फेरीत उपसलं जाऊन उलट्या दिशेने भरतं. ६० हर्ट्झला अर्धी फेरी ८.३३ मिलिसेकंदांची, ५० ला पूर्ण १० ची. धार तीच ठेवून नळ जास्त वेळ चालू राहिला, तर हौद वाहणारच.

हिशोब असा: व्ही = ४.४४ × एफ × एन × ए × बी. व्ही म्हणजे व्होल्ट, एफ म्हणजे हर्ट्झ. एन म्हणजे वेढे, ए म्हणजे गाभ्याचं क्षेत्रफळ. ही दोन्ही कारखान्यातच ठरलेली. म्हणून बी, म्हणजे लोखंडातली चुंबकीय घनता, फक्त व्होल्ट भागिले हर्ट्झ यावर अवलंबून. १२० भागिले ६०, म्हणजे २. तेच १२० व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर २.४, वीस टक्के जास्त. माझ्या ११० व्होल्टला २.२. सिलिकॉन पोलाद दीड ते दोन टेस्लाच्या (टेस्ला हे बीचं माप) दरम्यान भरत येतं आणि पैसे वाचवायला ट्रान्सफॉर्मर त्या काठाजवळच चालवतात. काठ ओलांडला की गुंडाळीचा प्रेरक विरोध कोसळतो, उरतो तो तांब्याच्या तारेचा किरकोळ रोध, आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला करंट उसळतो. घूं आणि ताप दोन्ही त्यातूनच. त्यात हा ठोकळा राळेने भरून बंद केलेला, उष्णता बाहेर जायची तरी कुठून?

मग १०० व्होल्ट का देऊ नयेत? १०० भागिले ५०, बरोब्बर २! लोखंड सुखी. पण हा ठोकळा संगणकाला ९ व्होल्ट एसी (उलटसुलट वाहणारी वीज) आणि ५ व्होल्ट अशा दोन विजा पुरवतो. मग ९ व्होल्टची गुंडाळी साडेसातच देते, आणि पाच व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला डोकं वर काढायला जागा उरत नाही.

जाता जाता: प्रवासात वापरायचे हलके 'कन्व्हर्टर' हेअर ड्रायरपुरते ठीक. ते लाटेचा तुकडा कापतात, सरासरी कमी होते, पण लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. त्यांच्यावर संगणक लावणं म्हणजे जत्रेतली 'वीजबचतीची डबी' लावून बिल निम्मं होईल म्हणण्यासारखंच. त्या डबीत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो.

शेवटी मी ठोकळाच बाजूला ठेवला. २३० वर चालणारा, ९-०-९ चा (मधोमध शून्य, दोन्ही बाजूंना ९ व्होल्ट) एक अँपिअरचा देशी ट्रान्सफॉर्मर घेतला आणि त्याच्या अर्ध्या गुंडाळीतून ९ व्होल्ट काढले; ५ व्होल्टसाठी दोन अँपिअरचा चांगला अडॅप्टर. आता सगळं थंड.

फक्त घड्याळ मागे पडत होतं. या संगणकाच्या सीआयए नावाच्या, बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमधलं घड्याळ त्या ९ व्होल्टच्या एसीच्या लाटा मोजतं, आणि सहा लाटा झाल्या की एक दशांश सेकंद झालं असं धरतं. आपल्याकडे तेवढ्या वेळात पाचच लाटा येतात, म्हणून तासाला दहा मिनिटं गळत होती. मेमरीतल्या ५६३३४ या पत्त्यावरचा सर्वांत वरचा बिट १ केला, की ते पाच लाटा मोजू लागतं. आतेभावाने तो केला आणि मोबाइलशी ताडून पाहत बसला. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात हलत असते. दिवसभर ४९.९५ राहिली तर हे घड्याळ ८६ सेकंद मागे पडेल. तो आता रोज सकाळी फोन करून विचारतो, "दादा, आज किती?"