गुहा आणि खोदलेलं घर, दोन्ही एक नाहीत

गुहेत राहणारी माणसं म्हटलं की डोळ्यासमोर कातडं पांघरलेला आदिमानवच येतो, आणि मग चीनमधली याओदोंग, म्हणजे मातीच्या कड्यात खोदलेली घरं असोत की तुर्कीतल्या कॅपाडोकियाची घरं, सगळ्यांना लोक त्याच माळेत ओवतात. मला हे मनापासून खटकतं.

नैसर्गिक गुहा बहुतेक वेळा चुनखडीत होते, पाणी झिरपून झिरपून दगड विरघळतो. आयती मिळते खरी पण जशी असेल तशीच घ्यायची, आत मिट्ट काळोख, ओल, धूर कोंडतो. त्यामुळे आदिमानव राहिला तरी तोंडाशी, उजेडात, नाहीतर नुसत्या पुढे आलेल्या कड्याखाली, आणि तेही कायमचं नाही. उघड्यावरच्या झोपड्या नष्ट झाल्या, गुहेतली राख नि हाडं टिकली, म्हणून सगळे गुहेतच राहायचे असं वाटतं.

खोदलेलं घर म्हणजे चक्क आर्किटेक्चर आहे हो! उत्तर चीनमधे वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळ्या मातीचे जाडजूड थर आहेत, कुदळीने सहज खणता येतात तरी कडा उभाच्या उभा राहतो. त्यात कमानीच्या छताची खोली काढायची (सपाट छत टिकणार नाही), पुढे दार आणि कागद लावलेली जाळीची खिडकी, आत कांग नावाचा ओटा, चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरून मग धुराड्यातून बाहेर, म्हणजे स्वयंपाक होता होता झोपायची जागा गरम. जिथे कडाच नाही तिथे आधी जमिनीत मोठा चौकोनी खड्डा, तेच अंगण, आणि त्याच्या चारी भिंतींत खोल्या. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, कोट्यवधी लोक असे राहिलेत. धोकाही मोठा, १५५६ च्या शान्शी भूकंपात ८ लाखांवर माणसं गेली असं मानतात, त्यातली कितीतरी हीच घरं कोसळून.

कॅपाडोकियात माती नाही, ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड आहे, बाकी तत्त्व तेच.

खरा घोळ इटलीतल्या मातेरा शहरात होतो, कारण तिथे मूळच्या पोकळ्याही आहेत आणि माणसाने खोदून वाढवलेल्याही. एकाच खोलीत कुटुंब, खेचर, कोंबड्या, त्यात मलेरिया, शेवटी १९५२ मधे कायदा करून १५ हजारांच्या आसपास लोकांना हलवायचं ठरलं. पण त्यात गुहेचा काय दोष? गरिबी होती, गर्दी होती, नळ नि गटारं नव्हती. त्याच घरांना १९९३ मधे युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं आणि आज तिथे हॉटेलं चालतात.